भिंतीपलीकडचा पहारा

चैत्राच्या उन्हात ब्लँकेटं वाटणारं मंडळ तुम्ही पाहिलं नसेल. मी पाहिलंय, कारण ते आमच्याच गावचं आहे.

हमरापूर आणि जोहे यांच्या मधल्या पट्ट्यात आमचं तांबडखार. घराघरात गणपतीचे कारखाने, आणि मारुतीच्या देवळाचं एक भजनी मंडळ. पेणच्या शरद सरांनी, म्हणजे एका निवृत्त मास्तरांनी, थंडीत वाटा म्हणून मंडळाला ब्लँकेटं दिली होती. थंडीत अध्यक्षांना सवड झाली नाही. मग हनुमान जयंतीचा सप्ता तोंडावर आला, अंगातून घाम निथळायला लागला, तेव्हा त्यांना आठवण झाली. कारखान्यांत काम करणाऱ्या परप्रांतीय बायकांना देवळापुढे ओळीत उभं केलं आणि एकेकीच्या हातात ब्लँकेट दिलं. मागे बॅनर, 'एक हात मायेचा'. फोटोवाला म्हणाला, जरा हसा. सुकांती हसली. दिवस भरत आलेली बाई, पोटावर ते ब्लँकेट धरून हसली.

त्याच आठवड्यात त्याच अध्यक्षाने तिला खोली खाली करायला सांगितली.

अध्यक्ष म्हणजे कान्हूकाका, माझ्या नवऱ्याचा चुलतकाका. त्यांचा मूर्तींचा कारखाना आहे, त्यातच मी काम करते, त्यातच सुकांती करते. ती ओडिशाची, बलांगीरकडची. गावात कुणाला ओडिशा माहीत नाही. मुंबईच्या पलीकडून जो येतो तो भय्या, त्याची बायको भय्यीन, संपला नकाशा. तिचा नवरा बिजय रोह्याला, धाटावच्या बाजूला एका शेडच्या बांधकामावर रंगाऱ्याचं काम करतो. तिथेच पत्र्याच्या खोपटात दहा-बारा पुरुषांबरोबर राहतो आणि सुट्टी मिळाली की येतो. ती इथे राहते, कान्हूकाकांच्या चाळीतल्या शेवटच्या खोलीत. त्या खोलीची मागची भिंत आणि देवळाची भिंत एकच. पलीकडे हरिपाठ सुरू झाला की अलीकडे ही जमिनीवर बसून टाळ्या वाजवते. मी स्वतः पाहिलंय. तिला आत ये म्हणायचं कधी कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्यासकट.

कान्हूकाकांचा भाडेकरूंना एक नियम आहे. भिंतीला खिळा मारायचा नाय. म्हणून सुकांतीचा फ्रेममधला जगन्नाथ तांदळाच्या डब्यावर भिंतीला टेकून उभा असतो. रोज भात शिजवायच्या आधी ती देवाला खाली उतरवते, तांदूळ काढते आणि देवाला परत वर ठेवते.

तर त्या दिवशी आम्ही बायका कारखान्यात कच्च्या मूर्तींना पॉलिश पेपर मारत होतो. कान्हूकाका आले, सुकांतीसमोर उभे राहिले आणि माझ्याशी बोलायला लागले.

"नम्रता, तिला सांग गो. सोमवारी सप्ता बसतोय. सप्ता उठंपर्यंत नवऱ्याकडं रोह्याला जाऊन रहा म्हनावं."

"ती समोर बसलीय काका. तिलाच सांगा. मराठी समजतं तिला."

सुकांतीने हातातला पेपर खाली ठेवला. तिची भाषा म्हणजे तिची ओडिया, टीव्हीतली हिंदी आणि आमचं आगरी, सगळं एका पातेल्यात. "सेठ, कय जाऊ? वो तो खोपटीमधी रहतो. सगला पुरुषलोक हाय. आनि पेनच्या डाक्टरीनबायनी सांगला, लंबा गाडीत बसायचा नाय."

"मी हाकलतोय काय तुला? सप्ता उठला की परत ये. खोली तुझीच हाय. पन बाय, देवलाच्या भिंतीला तुझी भिंत. अखंड नाम चाललेला आन तू मधीच बालंत जालीस, तं सोयर लागंल. अख्ख्या गावाचा सप्ता मोडंल तुझ्यापायी."

सोयर म्हणजे बाळंतपणाचा विटाळ. घरात मूल जन्मलं की त्या घराने आणि भावकीने दहा दिवस देवाला शिवायचं नाही. देवाला मुलं आवडतात असं कीर्तनात सांगायचं आणि मूल जन्मलं की देवाला लांब ठेवायचं. असो.

"रस्त्यामधी जाला तर?" सुकांतीने विचारलं.

कान्हूकाका म्हणाले, "देव हाय ना." आणि चपला फटफटवत गेले.

देव आहे. तो खोलीला चिकटून आहे म्हणूनच बाईला बाहेर काढायची, आणि रस्त्यात तोच सांभाळणार. मी हातातली मूर्ती इतकी घासली की सोंडेचं टोकच गेलं.

घरी येऊन सासूला सांगितलं. माझी सासू पुतळी, गावातल्या बायकांचा हरिपाठ तीच लावते. कान्हूकाकांची मोठी चुलतवहिनी, त्यामुळे त्यांना नावाने हाक मारणारी गावात ती एकटीच. मला वाटलं, ती पेटून उठेल. ती वांगी चिरत होती, चिरतच राहिली.

"देवाचा काम हाय गो. पुरुषांनी ठरवला आसंल."

"आये, तुझी लेक असती तर?"

"माझी लेक सासरी हाय. तिला कोन काढतंय?"

"मी उद्या देवळात बोलणार. तुला लाज वाटली तर डोळे मिट."

तिने वांग्याचा देठ माझ्या अंगावर फेकला. "तुझा तोंड म्हंजे फाटका पखवाज. बोल. कुनी आडवला?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात पहारे वाटून घ्यायची बैठक होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सप्त्यात अष्टौप्रहर नाम चालतं. एक जण गळ्यात विणा घालून उभा असतो, दुसरा टाळ धरतो. विणा जमिनीला टेकवायचा नाही. दर दोन तासांनी घंटा वाजते, पहारा बदलतो, विणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातो. देताना आणि घेताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात, मग लहानथोर काही बघायचं नाही. आमच्या गावात विणेकरी उभाच पाहिजे, बसून चालत नाही. आणि विणा पुरुषांनीच घ्यायचा. बायकांना हरिपाठ, भाकऱ्या आणि झाडलोट.

पुरुष सतरंजीवर, आम्ही बायका खांबाच्या कडेला. माझा नवरा प्रविण फळ्यावर खडूने पहारे लिहीत होता. कुणाला रात्रीची शिफ्ट, कुणाला पहाटेची, सगळं कंपनीसारखं. लिहून झालं तसा मी हात वर केला.

"सुकांती कुठेही जाणार नाही," मी म्हणाले. "बाईचे दिवस भरलेत. तिला बाहेर काढून तुम्ही आत नाम घेणार असाल तर मी उद्यापासून देवळात पाय ठेवणार नाही, आणि का ठेवत नाही ते प्रत्येक पाहुण्याला सांगेन."

प्रविणने खडू ठेवला आणि कपाळ धरलं.

"प्रविण, बायकोला सांभाळ रं," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुम्हीच सांभाळून दाखवा," प्रविण म्हणाला. थोडा हशा पिकला.

कान्हूकाका हसले नाहीत. "ह्यात हसायसारखा काय हाय? मी काय माझ्या घरचा नियम सांगतोय? सोयर हाय तो हाय. बापजाद्यांपासून पाळतो आपन."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या पाठीमागून सासूचा आवाज आला. अगदी हळू. ती वांगी चिरताना बोलते ना, तसा.

"कान्हू, सोयर कुनाला लागतंय रं?"

"भावकीला, वयनी. तुला म्हायती नाय काय?"

"मंग ही पोरगी आपली भावकी हाय?"

कान्हूकाकांनी टोपी सारखी केली.

"भावकी कशी आसंल? कुठली कोन ती," कान्हूकाका म्हणाले.

"मंग सोयर कसा लागंल?"

"आगो, मानसांना नाय, जागेला! भिंत एक हाय ना देवलाची."

"भिंतीला सोयर?" सासूने पदर खोचला. "माजा जनम गेला ह्या गावात. भिंतीला सोयर लागलेला मी पयल्यांदा आयकते. भिंतीचा आडनाव काय रं कान्हू? तिची सोयरीक कुठं जाली?"

आता बायका फुटल्या. बायजा, आमच्या गावातली सगळ्यात म्हातारी बाई, बिनदातांनी हसत टाळ्या पिटायला लागली.

"मस्करी नाय करायची वयनी."

"मी मस्करी नाय करत. नीट आयक. ती परकी आसंल, तर तिचा सोयर आपल्याला लागत नाय, ऱ्हाऊ दे तिला खोलीत. आन तुला सोयर मानायचाच आसंल, तर तिला भावकी मान. मंग भावकीच्या बाईला जा काय करतात ता करायला लागंल. सोबत, शेक, पाचवी, बारसा, सगला. दोनातला एक सांग. दोनी बाजूंनी नको खाऊ."

कान्हूकाकांनी आजूबाजूला पाहिलं. मदतीला कुणी नाही. टाळकरी बाबाजी, मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालेला म्हातारा, खुर्चीतून म्हणाला, "कान्हू, पुतळीनं तुला धरला रं."

"ऱ्हाऊ दे मंग!" कान्हूकाका उठले. "पन काय जाला तर मंडळ जबाबदार नाय. तुमी बायका बघून घ्या."

मंडळ जबाबदार नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की त्याचा अभंग करून म्हणता येईल.

पुरुष गेले. बायका तिथेच राहिल्या. फळ्यावर पहाऱ्यांची नावं तशीच होती. सासू फळ्याकडे बघत बसली.

"नम्रता, पुरुष विणा आपल्या हातात देत नाय ना?"

"नाही देत."

"बरा हाय. म्हंजे आपले हात मोकले हायत. लिव. पलीकडं त्यांची घंटा वाजली का अलीकडं आपली पन बदली. खोली उघडी ऱ्हायली नाय पायजे."

आणि झालं. एवढी मोठी गोष्ट ठरवायला बायकांना बाहेरून चहाही मागवावा लागला नाही. सुकांतीच्या खोलीत एक बाई कायम. घंटा वाजली की दुसरी. कुणी तिच्याजवळ बसून तांदूळ निवडायची, कुणी पाठीला तेल लावून द्यायची, आणि बायजा तिला आपली सगळी बाळंतपणं रंगवून सांगून घाबरवायची. काही जणींच्या घरी कटकट झाली. एकीच्या नवऱ्याने विचारलं, भय्यीनीची सेवा करायला तुला सप्ता दिसला? ती म्हणाली, तुम्ही पन गल्यात टांगलेल्या विण्याचीच सेवा करता की. पहिल्यांदाच मला गावातल्या बायका आवडल्या.

पहिल्या दिवशी सुकांती ताठ बसून होती. पाहुण्यांना बसवायला सतरंजी नाही म्हणून ब्लँकेटच अंथरलं. तिला आम्ही कशाला आलोय हेच कळेना. मला म्हणाली, "दीदी, फोटो कवा काढनार?"

मी म्हणाले, "नाही काढणार."

तिने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. फोटोवाला खरंच नाही, याची खात्री केली. मग तिने स्वतः चहा ठेवला.

सप्ता अर्ध्यावर आला. दुपारची वेळ. अन्नदान उरकलेलं, गाव आडवं झालेलं. पुरुष कंपनीत शिफ्टला, उरलेले पेणला भाजी आणायला. विणा कान्हूकाकांच्या गळ्यात, टाळ बाबाजींच्या हातात. खोलीत माझी सासू आणि बायजा. मी देवळाच्या मागे भांडी विसळत होते.

भिंतीपलीकडून ओरडणं आलं. मी धावले. बायजाने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ही थांबायची नाय. पोर आडवा वाटतंय मना. पेनला न्यायला पायजे."

बायजाने आयुष्यात किती मुलं हातावर घेतली याचा हिशोब नाही. तीच पेण म्हणतेय म्हटल्यावर मी मोबाईल काढला. ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी वडखळच्या ट्राफिकमध्ये अडकलेली. गावातली रिक्षा कीर्तनकार बुवांना आणायला गेलेली. देवळासमोर एकच गाडी उभी, मूर्ती पोचवायचा टेम्पो. आणि तो चालवणारा माणूस आत गळ्यात विणा घालून नाम घेतोय.

मी देवळात घुसले. "काका, टेम्पो काढा. सुकांती अडलीय."

कान्हूकाका बघत राहिले. तोंडातलं नाम थांबलं नाही, हात तारेवर. डोळ्यांनी ते मला फळा दाखवत होते. माझा पहारा आहे, असं.

"काका! बाई मरंल!"

"आगो, विणा कुनाकडं देऊ?" नामाच्या मधल्या जागेत त्यांनी एवढं घुसवलं. "प्रविणला बलव."

"प्रविण शिफ्टवरून यायचाय. कुणी नाहीये."

"बाबाजी..."

"मना उभा ऱ्हाता येतंय काय?" बाबाजी म्हणाला. टाळ चालूच होता. "बसून वाजवला तर तूच बोलशील सप्ता मोडला."

भिंतीपलीकडून पुन्हा ओरडणं आलं. ते मारुतीलाही ऐकू गेलं असणार. कान्हूकाकांच्या कपाळावरचा बुक्का घामाने नाकावर आला होता. तो माणूस वाईट नाही, हे मला तेव्हा दिसलं. दिसलं म्हणून राग कमी झाला नाही. वाईट नसलेली माणसंच अशी दारात उभी राहून विचार करत बसतात, आणि आत बाई मरते.

"दे तिच्याकडं," बाबाजी म्हणाला. "नाम चालल्याशी मतलब. कुनाच्या गल्यात, ता देव बघत नाय."

कान्हूकाकांनी विणा काढला. मी मान पुढे केली. पट्टा माझ्या गळ्यात आला तेव्हा तो त्यांच्या घामाने ओला होता. मी वाकून त्यांच्या पाया पडले. मग ते थांबले. रीत दोन्हीकडून असते. चुलतसुनेच्या, कारखान्यात कामाला असलेल्या बाईच्या पाया पडायचं होतं.

"लवकर," मी म्हणाले.

ते वाकले, माझ्या पायाला हात लावला आणि धावत गेले. उपरणं खांद्यावर तसंच.

आता माझी गंमत ऐका. सगळ्या गावात सगळ्यात जास्त बोंब मारणारी मी, आणि ऐन वेळेला मी एका जागी खिळलेली. विणा गळ्यात. हलायचं नाही, खाली ठेवायचा नाही. भिंतीपलीकडे त्यांनी तिला उचललं, टेम्पोत पेंढा होता त्यावर ब्लँकेट टाकलं, मागचा फळका लागला, सासू ओरडली, "हलू चालव मेल्या," टेम्पो गेला. सगळं कानांनी पाहिलं. आणि तोंडाने नाम घेत राहिले. मला नाम येतं का? येतं. पण त्या वेळेला मी काय मागत होते ते नामात नव्हतं.

घंटेची वेळ झाली. पुढचा पहारा प्रविणचा. तो कंपनीचा ड्रेस बदलून धुतलेल्या कपड्यांत आला आणि दारातच थिजला.

"काय गो हे?"

मी भुवयांनीच त्याला पुढे बोलावलं. बाबाजीने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. प्रविण पुढे आला, मी विणा त्याच्या गळ्यात घातला, त्याच्या पाया पडले. तो इकडेतिकडे बघायला लागला.

"पड," बाबाजी म्हणाला. "कान्हू पडला, तुला काय जाला?"

प्रविण माझ्या पाया पडला. उठताना कानाशी म्हणाला, "घरी कुनाला सांगू नको."

"घरी आहेच कोण? तुझी आई टेम्पोत."

सासू आणि बायजा दिवे लागायच्या सुमाराला परतल्या. सासूच्या लुगड्याला रक्त होतं आणि ती माझ्याकडे बघून एकदाच म्हणाली, "दोगी बऱ्या. पोरगी हाय."

मग बायजाने सांगितलं. पोर आडवं नव्हतं, बायजाचाच अंदाज चुकला. उलट त्याला घाई होती. पेणच्या हद्दीत शिरताना ट्राफिकमध्ये टेम्पो अडकला आणि पोरगी तिथेच, पेंढ्यावर, त्या मायेच्या ब्लँकेटवर झाली. गुंडाळायला काही नाही. सासू पुढच्या खिडकीकडे तोंड करून ओरडली, "कान्हू, उपरना दे!" त्याने मागे न बघता खिडकीतून उपरणं मागे केलं. मग खाली उतरला आणि अडकलेल्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना अशा शिव्या दिल्या, की सप्ता त्या शिव्यांनीच मोडायला हवा होता. रस्ता झाला. दवाखान्यात नर्सने विचारलं, हिच्याबरोबर कोण? सासू म्हणाली, आमी. नर्स म्हणाली, आमी म्हणजे कोण लागता? सासूला चटकन काही सुचेना. "तवा कान्हू बोल्ला," बायजा म्हणाली. "बोल्ला, गावची हाय आमची. घ्या आत."

बिजयला फोन केला होता. तो रोह्याहून मिळेल त्या गाडीला लोंबकळत रात्री पोचला. रंगाचे डाग असलेल्या हातांनी मुलीला घ्यायला घाबरत होता म्हणे.

आता तुम्हाला वाटेल कान्हूकाका सुधारले. तशी माणसं सुधारत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात गेले तर अध्यक्ष आत नव्हते. मांडवाच्या बाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते.

"काका, आत का नाही?"

"मना चालत नाय आत."

"का?"

"का म्हंजे? बालंतिनीला शिवलो. उपरना माझा. सोयर हाय मना."

माणूस स्वतःच्या नियमाला पक्का. वर्षभर ज्या सप्त्यासाठी तो वर्गणी मागत फिरला, तो सप्ता त्याने चपलांशेजारी बसून ऐकला. काल्याच्या दिवशी बुवांनी स्टेजवरून नाव पुकारलं, तर हा रस्त्यावरूनच हात जोडून उभा. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? चांगला झाला.

काला संपला, प्रसाद वाटत सासू बाहेर आली. कान्हूकाकांच्या हातावर लाह्या-दही ठेवलं आणि तिथेच उभी राहिली.

"किती दिस पालनार सोयर?"

"दहा. पालायचा तर पुरा पालायचा."

"हां. म्हंजे भावकी जालास."

कान्हूकाकांचा तोंडाशी नेलेला हात थांबला.

"तूच बोल्ला व्हतास ना, सोयर भावकीला लागतंय? आमाला कुनाला लागला नाय, तुला एकट्याला लागला. मंग ती पोर तुझीच. बारशाला काय आनतोस?"

चपला शोधणारी माणसं चपला सोडून हसायला लागली. कान्हूकाकांनी लाह्या तोंडात टाकल्या आणि चावत बसले.

बायकांचा पहारा सप्ता उठला तरी चालू राहिला. घंटा थांबली होती, तर मोबाईलवर बघून बदलायच्या. शेकायला कुणी, न्हायला घालायला कुणी. पाचवी आमच्या रीतीने झाली. सुकांतीने सांगितलं, आमच्यात सहाव्या दिवशी करतात, तर सहाव्या दिवशीही केली. बायजा म्हणाली, दोनदा केल्यानं काय पोरगी बिघडतंय?

बारशाच्या सकाळी आम्ही खोलीत साडीची झोळी कुठे बांधायची यावर भांडत होतो. वर सपाट स्लॅब, कडी नाही. मी खिडकीच्या गजाला बांधायचं म्हणत होते, सासू मला वेड्यात काढत होती. तेवढ्यात कान्हूकाका दारात. हातात कारखान्यातली ड्रिल मशीन, खिशात लोखंडी कडी. स्टूल पण स्वतःच आणलेलं.

"बाजूला व्हा," म्हणाले. "पोर घ्या बाहेर, धूल उडंल."

बिजय म्हणाला, "सेठ, मी करतो."

"तुला म्हायती नाय स्लॅबातली सलई कुठं हाय ती. घर माझा हाय."

स्टुलावर चढून त्यांनी स्लॅबमध्ये भोक पाडलं. देवळाच्या भिंतीपर्यंत घरघर ऐकू गेली असेल. कडी बसवली, दोन्ही हातांनी तिला लोंबकळून पाहिलं. त्यांचं वजन तोललं म्हणजे पोरीचं तोलेलच. उतरले. टोपीवर सिमेंट.

सुकांती पोरीला घेऊन आत आली, झोळी बघितली. मग तांदळाच्या डब्यावरच्या जगन्नाथाकडे बोट करून म्हणाली, "सेठ, मशीन हाय तर एक इथं पन."

कान्हूकाकांनी सासूकडे पाहिलं. सासूने वरच्या कडीकडे पाहिलं, जशी काही तिला कडीतच रस.

"बारका मारीन," कान्हूकाका म्हणाले. "मोठ्यानं गिलावा निगतंय."

बारका मारला. जगन्नाथ भिंतीवर चढला, तांदळाचा डबा मोकळा झाला. पोरीचं नाव ठेवलं लक्ष्मीप्रिया. बायजाला ते उच्चारता येईना, तिने पिया करून टाकलं.

हे सगळं खरं चांगलं झालं, मान्य. पण शेवटच्या खोलीतच झालं, तेही विसरू नका. त्या चाळीत अजून खोल्या आहेत, त्यांत बिहारची माणसं आहेत, बंगालची आहेत. त्यांच्या भिंतींना खिळा अजून बंदच आहे. परवा मी कान्हूकाकांना विचारलं, त्यांच्या खोल्यांना कधी? ते म्हणाले, "त्यांच्यात कोन बालंत झालाय काय?"

म्हणून मी सासूला म्हटलं, पुढच्या सप्त्याला फळ्यावर पहारे लिहिताना आपल्या बाजूच्या सगळ्या खोल्या लिहायच्या, बाळंतीण असो नसो. ती म्हणाली, "लिव. खडू मोठा घे."